टायमिंग चेन तुटली : आधी काय तपासायचं, मग किती खर्चायचं

चालत्या गाडीत टायमिंग चेन तुटली की इंजिन एका क्षणात बंद पडतं. कधी एखादा खटका ऐकू येतो, कधी तोही नाही. अशा वेळी हात सहज पुन्हा चावीकडे जातो, आणि नेमकं तेच करायचं नाही. चेन ही काही हजारांची वस्तू आहे. बिल ठरतं ते व्हॉल्व्ह वाकले का, आणि किती वाकले, यावर. चेन तुटल्यानंतर प्रत्येक वेळी स्टार्टर मारला की पिस्टन उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हवर आपटायला आणखी एक संधी मिळते.

असं का होतं ते आधी समजून घ्या, म्हणजे पुढच्या सगळ्या पायऱ्या आपोआप कळतील. पिस्टनच्या जोरावर फिरणाऱ्या क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टचा एक होतो, आणि हे प्रमाण चेन सांभाळते. इंजिन ३००० आरपीएमवर असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो आणि मिटतो. चेन तुटली की कॅम जागच्या जागी थांबतो, काही व्हॉल्व्ह उघडेच राहतात आणि क्रँक मात्र गतीमुळे फिरत राहतो. आजच्या बहुतेक इंजिनांत उघडा व्हॉल्व्ह आणि वर आलेला पिस्टन यांना एकाच वेळी पुरेल इतकी जागा नसते. तुमच्या इंजिनात ती आहे असं मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलेलं नसेल, तर नाहीच असं धरून चला.

रस्त्यावर असताना

गाडी कडेला घ्या, हॅझर्ड लाइट लावा. इंजिन बंद असताना ब्रेक दोन-तीन वेळा दाबले की बूस्टरमधला व्हॅक्यूम संपतो आणि पेडल दगडासारखं होतं, त्यामुळे उतारावर अर्धवट ब्रेक मारत बसू नका. एकदाच दाबून धरा आणि गाडी थांबवा.

धक्का मारून गाडी चालू करायचा विचारही करू नका. गिअरमध्ये टाकून ढकललं की चाकं क्रँकला फिरवतात, म्हणजे स्टार्टर मारण्याचाच प्रकार. टोचन करून न्यायची असेल तर गिअर न्यूट्रलमध्येच हवा. ऑटोमॅटिक असेल तर फ्लॅटबेडशिवाय हलवू नका. नागपूरच्या वर्धा रोडवर बुटीबोरीच्या पुढे किंवा समृद्धीवर शिवमडक्याच्या पुढे गाडी अडकली तर दोरीनं ओढत आणण्यापेक्षा फ्लॅटबेड सुरक्षित. आधी विम्याची पॉलिसी उघडून बघा, रोडसाइड असिस्टन्स घेतलेला असेल तर टोईंगचे पैसे वाचतील. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा हेल्पलाइन क्रमांक आहे.

खरंच चेनच तुटली का?

इंजिन चालू न होण्याची कारणं पुष्कळ. फ्युएल पंप गेला, क्रँक सेन्सर गेला, इमोबिलायझर अडला. त्यामुळे कोणी नुसत्या अंदाजानं इंजिन खोलायला निघाला तर थांबवा.

पहिलं म्हणजे तुमच्या इंजिनात चेन आहे की बेल्ट हे पक्कं करा. मारुतीचं के-सिरीज पेट्रोल, ह्युंदाईचं १.२ कप्पा, स्विफ्ट-डिझायर-रिट्झमधलं १.३ डिझेल, यांत चेन आहे. रेनो-निसानचं १.५ डिझेल आणि जुन्या इनोव्हाचं २.५ डिझेल यांत बेल्ट आहे. बेल्ट तुटल्यावर होणारं नुकसान सारखंच, पण कामाची पद्धत आणि खर्च वेगळा.

गाडी बंद पडण्याआधी काय होत होतं ते आठवा. सकाळी थंड इंजिन चालू केल्यावर पहिले काही सेकंद पुढच्या बाजूनं खडखड आवाज येणं हे ढिल्या चेनचं सगळ्यात बोलकं लक्षण. चेन ताणून धरणारा टेन्शनर बहुतेक इंजिनांत ऑइलच्या प्रेशरवर चालतो. रात्रभरात त्यातलं ऑइल उतरतं आणि प्रेशर येईपर्यंत चेन गाइडवर, म्हणजे तिला वळण देणाऱ्या पट्टीवर, आपटते. चेक इंजिनचा दिवा लागून स्कॅनरवर पी००१६ किंवा पी००१७ हे कोड आले असतील, तर क्रँक आणि कॅम यांचा मेळ बिघडल्याची नोंद संगणकानं आधीच केलेली आहे. स्कॅनर आताही लावा, कोड साठवलेले असतात.

चेन तुटल्यावर चुकून स्टार्टर मारला गेला असेल तर आवाजातला फरकही लक्षात येतो. एरवी कॉम्प्रेशनमुळे स्टार्टर ठोक्या-ठोक्यानं फिरतो. चेन तुटलेली असली की तो एकसुरात, हलका, भर्रकन फिरतो. पण हे तपासायला म्हणून मुद्दाम स्टार्टर मारू नका. योग्य पद्धत हातानं फिरवून बघण्याची आहे : बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, स्पार्क प्लग काढा, ऑइल भरायचं झाकण उघडा, आणि क्रँक पुलीच्या बोल्टला गोटी पाना लावून इंजिनच्या फिरण्याच्या दिशेनं अगदी सावकाश फिरवा. दुसऱ्यानं झाकणातून टॉर्चच्या उजेडात कॅमकडे बघावं. क्रँक फिरतोय आणि कॅम हलत नाही, तर निदान झालं. पाना मध्येच कडक अडला तर जोर लावू नका. तिथे पिस्टन व्हॉल्व्हला टेकलेला असतो.

इथपर्यंतचा खर्च म्हणजे टोईंग आणि तपासणीची मजुरी. या टप्प्यावर "पूर्ण इंजिन काम करावं लागेल" असं सांगणाऱ्यानं अजून आत काहीच पाहिलेलं नसतं.

इंजिन उघडताना

नवख्यानं हे काम एकट्यानं करू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. पण प्रत्येक पायरी माहीत असली की गॅरेजमध्ये उभं राहून योग्य प्रश्न विचारता येतात, म्हणून सविस्तर लिहितो.

गाडी सपाट जागी, घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर). नुसत्या जॅकवर ठेवलेल्या गाडीखाली कोणीही जायचं नाही. ऑइल स्वच्छ ट्रेमध्ये काढा आणि फेकू नका : त्यात चुंबक फिरवा, मग ते जुन्या कापडातून गाळा. लोखंडाचा चुरा आणि प्लॅस्टिकचे तुकडे किती निघतात त्यावरून आतली अवस्था कळते. आडव्या बसवलेल्या इंजिनात टायमिंग कव्हर काढायला बहुधा उजवीकडचं इंजिन माउंटिंग सोडावं लागतं. त्याआधी चेंबरखाली (इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या टाकीखाली) लाकडी फळी ठेवून इंजिनला आधार द्या. मग फॅन बेल्ट, क्रँक पुली, टॅपेट कव्हर, आणि शेवटी टायमिंग कव्हर. पुलीचा बोल्ट फार घट्ट असतो. पुली धरायच्या होल्डरनंच तो सोडवायचा. पाना अडकवून स्टार्टरचा झटका देण्याची जी युक्ती काही जण वापरतात, ती तुटलेल्या चेनवर सरळ व्हॉल्व्हच्या जिवावर उठते.

कव्हरचे बोल्ट लांबीला सारखे नसतात. पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून ज्या त्या जागी बोल्ट खोचून ठेवा. लांब बोल्ट आखूड भोकात गेला की ॲल्युमिनियमचा आटा जातो किंवा ब्लॉकला तडा जातो, आणि दोन हजारांचं काम वीस हजारांवर जातं.

आता चेंबर उतरवा. वेळ वाचवायला बरेच जण हे टाळतात, आणि महिन्याभरात इंजिन जाम होतं ते याचमुळे. चेनचे गाइड प्लॅस्टिकचे असतात. तुटलेल्या गाइडचे तुकडे चेंबरमध्ये पडतात आणि ऑइल पंपाच्या जाळीला चिकटतात. जाळी अडली की बेअरिंगला ऑइल मिळत नाही. सगळे तुकडे धुऊन वर्तमानपत्रावर मांडा आणि नव्या गाइडशेजारी जुळवून बघा. एखादा तुकडा कमी भरला तर तो सापडेपर्यंत इंजिन मिटवायचं नाही. जाळी, ऑइल पंपाचं तोंड, टेन्शनरला ऑइल नेणारं बारीक छिद्र, सगळीकडे शोधा.

नागपुरात मे महिन्यात, त्यातही नवतप्यात, दुपारी लू चालू असताना उघड्या शेडमध्ये इंजिन खोललेलं ठेवणं म्हणजे धुळीला आमंत्रण. सिलिंडरची तोंडं आणि ऑइलची छिद्रं स्वच्छ प्लॅस्टिकनं झाकून टेप लावायला सांगा. चिंध्या कोंबू नका, त्यांचे धागे आत जातात. काम आठवडाभर लांबणार असेल तर भाग धुऊन, ऑइल लावून, पिशवीत बंद हवेत.

व्हॉल्व्ह वाकले का : हेड उतरवण्याआधीची तपासणी

व्हॉल्व्ह बसलेले असतात तो इंजिनचा वरचा भाग म्हणजे हेड. पुढे खर्च किती होणार ते या एका तपासणीवर ठरतं.

चेन तुटलेली असताना नेहमीची कॉम्प्रेशन टेस्ट निरुपयोगी आहे, कारण कॅमच फिरत नाही. त्याऐवजी हवा सोडून बघायचं. आधी सगळे पिस्टन मधल्या उंचीवर आणा. त्यासाठी प्लगच्या भोकांतून चार सारख्या लांबीच्या काड्या सोडा आणि क्रँक हळूच हलवून चारही काड्या एका पातळीत येऊ द्या, कुठे अडलं तर उलट दिशेनं. आता कॅमशाफ्ट त्यांच्या ठरलेल्या क्रमानं कॅप सोडवत काढले की सगळे व्हॉल्व्ह स्प्रिंगच्या जोरावर मिटतात. क्रँक लॉक करा आणि प्लगच्या भोकातून ४ ते ५ बारची हवा एकेका सिलिंडरमध्ये सोडा.

मग कान लावा. इनटेकच्या तोंडातून फुस्स आवाज आला तर इनटेक व्हॉल्व्ह वाकला. सायलेन्सरच्या नळीतून आला तर एक्झॉस्ट. ऑइलच्या झाकणातून थोडी हवा येणारच, पण जोरात आली तर पिस्टन किंवा रिंगचा प्रश्न आहे. चारही सिलिंडर हवा धरत असतील तर हेड उतरवायची गरज नाही आणि तुम्ही स्वस्तात सुटलात. गाडी सिग्नलवर, कमी आरपीएमवर बंद पडली असेल तर असं होण्याची शक्यता जास्त. महामार्गावर वेगात तुटली असेल तर फार आशा धरू नका.

जोडीला प्लगच्या भोकातून बोरस्कोपचा कॅमेरा घाला. पिस्टनच्या काजळलेल्या माथ्यावर नखाएवढी चकचकीत चंद्रकोर दिसली तर तिथे व्हॉल्व्ह आपटलाय. चंद्रकोर फिकट असेल तर पिस्टन बहुधा चालतो. धातू खोलवर दबला असेल किंवा तडा दिसत असेल तर पिस्टन बदलायचा.

१.३ डिझेलमध्ये कॅमखालचे रॉकर (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या छोट्या पट्ट्या) अनेकदा आधी तुटतात आणि व्हॉल्व्ह वाचतात. म्हणून रॉकर तुटलेले दिसले की लगेच हेडचं बिल मान्य करू नका, आधी हवेची तपासणी. तिथे हवा ग्लो प्लगच्या भोकातून सोडतात.

गळती निघाली तर हेड उतरवून लेथवर पाठवायचं. तिथे काय करून घ्यायचं ते लिहून द्या : वाकलेले व्हॉल्व्ह नवे (सरळ करून वापरायचे नाहीत), व्हॉल्व्ह गाइडची तपासणी, सीट कटिंग आणि लॅपिंग, सगळे ऑइल सील नवे, आणि हेडचा सपाटपणा मोजणं. सपाटपणाची मर्यादा बहुतेक इंजिनांत ०.०५ मि.मी.च्या आसपास असते. त्यात बसत असेल तर फेसिंग करायचं नाही. गरज नसताना हेड घासलं की कॉम्प्रेशन वाढतं आणि चेनची लांबीही किंचित ढिली पडते. हेड परत आल्यावर उलटं करून कंबश्चन चेंबरमध्ये डिझेल ओता आणि पंधरा मिनिटं थांबा. पोर्टमधून थेंब आला तर हेड तिथूनच परत पाठवा.

पैशाचा हिशोब

आता पहिल्यांदा ठरवायची वेळ आली. खालचे आकडे हिशोबाची पद्धत दाखवण्यासाठी धरलेले आहेत. तुमच्या हातात आलेल्या कोटेशनचे आकडे त्यांच्या जागी टाका.

समजा नऊ वर्षांची पेट्रोल हॅचबॅक आहे. चेन, गरारी, गाइड, टेन्शनर असा पूर्ण संच ९,००० रुपये. सील, सीलंट, कूलंट, ऑइल आणि फिल्टर ५,०००. मजुरी ८,०००. एकूण २२,०००. व्हॉल्व्ह वाकले असतील तर त्यात भर : व्हॉल्व्ह आणि सील ६,०००, हेड पॅकिंग आणि हेड बोल्ट ५,०००, लेथचं काम ५,०००, वाढीव मजुरी ७,०००. म्हणजे आणखी २३,०००, एकूण ४५,०००. यावर वीस टक्के राखीव ठेवा, म्हणजे ५४,०००. उघडलेल्या इंजिनात काही ना काही निघतंच.

आता दोन किमती काढा : ही गाडी चालू स्थितीत किती जाईल, आणि आहे तशी बंद किती जाईल. चालू २,४०,०००, बंद १,३०,००० धरली तर फरक १,१०,०००. दुरुस्ती या फरकाच्या आत सहज बसते, तर दुरुस्ती करा. तेरा वर्षांच्या डिझेलचं गणित वेगळं येऊ शकतं. चालू १,८०,०००, बंद ९५,०००, फरक ८५,०००. दुरुस्ती ७५,००० आणि क्लच-टायर आधीच संपलेले, त्यांचे ३०,०००. शिवाय पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण आणि ग्रीन टॅक्स समोर आहेच. इथे बंद अवस्थेत विकणं शहाणपणाचं, अपवाद एकच : गाडीचा सांगाडा आणि बाकी सगळं निरोगी आहे आणि तुम्ही ती आणखी चार-पाच वर्षं वापरणार आहात.

तिसरा पर्याय सेकंड हँड इंजिनाचा. पिस्टनला तडा, ब्लॉकला ओरखडे असतील तरच तो बघावा. ते इंजिन कुठल्या गाडीचं, त्याचा नंबर काय, पक्कं बिल मिळणार का, आणि बसवण्याआधी चारही सिलिंडरची कॉम्प्रेशन टेस्ट दाखवणार का? यातलं एकही उत्तर गोलमोल आलं तर घेऊ नका. इंजिन बदललं की नंबर बदलतो आणि तो आरसीवर चढवावा लागतो. एमएच-३१ असो, ४९ असो की ४०, आपापल्या आरटीओत बिलासह अर्ज करायचा. हे राहिलं तर विकताना आणि विम्याच्या दाव्यात गाडी अडकते.

विम्याबद्दल गैरसमज नको. साध्या मोटार पॉलिसीत यांत्रिक बिघाड बसत नाही, आणि इंजिन प्रोटेक्शनचं ॲड-ऑन मुख्यतः पाणी शिरणं, ऑइल गळणं अशा कारणांसाठी असतं. कंपनीची वाढीव वॉरंटी असेल तर मात्र गाडी उघडण्याआधी अधिकृत सर्व्हिस सेंटरला कळवा. बाहेर उघडलेलं इंजिन ते स्वीकारणार नाहीत. ऑइल बदलल्याची बिलंही तिथे मागतात.

कोटेशन दोन ठिकाणची घ्या आणि दोन्हीकडे एकच प्रश्न विचारा : नुसती चेन की पूर्ण संच? नुसती चेन बदलणारं कोटेशन स्वस्त दिसतं, पण झिजलेल्या गरारीच्या दातांवर नवी चेन लवकर ताणली जाते आणि जुना टेन्शनर तर बिघाडाचं मूळच असू शकतो. सुट्या भागांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून सरसकट १८ टक्के जीएसटी आहे. जुन्या २८ टक्क्यांनी लावलेलं बिल कोणी दिलं तर दुरुस्त करून घ्या. संच अधिकृत वितरकाकडूनच घ्या, डब्यावरचा पार्ट नंबर बिलावर लिहून घ्या, आणि काढलेले जुने भाग परत मागा.

बसवताना

पिस्टन मधल्या उंचीवर असतानाच कॅम त्यांच्या खुणेवर आणा. त्यानंतरच क्रँक पुढे फिरवून पहिला पिस्टन वर, म्हणजे टीडीसीला न्या. क्रम उलटा केला तर नवे व्हॉल्व्ह हातानंच वाकतील. ज्या इंजिनांना लॉकिंग टूल लागतं, तिथे ते असलंच पाहिजे. मिस्त्री "अंदाजानं बसवतो" म्हणाला तर दुसरं गॅरेज शोधा.

चेनच्या रंगीत कड्या गरारीवरच्या खुणांशी जुळवा, ढिली बाजू टेन्शनरकडे ठेवा, मग गाइड, मग टेन्शनर, आणि सगळ्यात शेवटी टेन्शनरची पिन ओढा. आता हातानं क्रँकचे दोन पूर्ण फेरे द्या. गरारीवरच्या खुणा परत जागेवर आल्याच पाहिजेत. रंगीत कड्या मात्र येणार नाहीत, त्या फक्त बसवण्यापुरत्या असतात. नवखे इथे घाबरून सगळं पुन्हा खोलतात. खुणा एका दातानं चुकल्या तर चालवून घेऊ नका : क्रँकच्या गरारीला १८ दात असतील तर एक दात म्हणजे क्रँकचे २० अंश. इतक्यात इंजिन फडफडतं, ताकद जाते आणि कोड पुन्हा येतो.

क्रँकचा पुढचा सील नवा. सीलंटची ३-४ मि.मी.ची सलग रेघ, आणि ट्यूबवर दिलेल्या वेळेत कव्हर बसवायचं. सीलंट सुकायला दिलेला वेळ पूर्ण होईपर्यंत ऑइल भरू नका. हेड बोल्ट आणि पुलीचा बोल्ट टॉर्क रेंचनं, मॅन्युअलच्या आकड्यानुसार. जिथे टॉर्कनंतर अंशांत फिरवायचे बोल्ट आहेत, ते बहुधा एकदाच वापरायचे असतात.

पहिला स्टार्ट आणि पहिले हजार किलोमीटर

फ्युएल पंपाचा फ्यूज काढा आणि स्टार्टर दहा सेकंद फिरवा, थांबा, पुन्हा फिरवा. ऑइलच्या प्रेशरचा दिवा विझला की फ्यूज लावून गाडी चालू करा. सुरुवातीचे दोन-तीन सेकंद खडखड झाली तर घाबरू नका, टेन्शनर भरतोय. त्यानंतरही आवाज राहिला तर लगेच बंद करा. दहा मिनिटं जागेवर चालू ठेवून कव्हरच्या कडा बघा, गळती तपासा, स्कॅनर लावून कोड पुसा. कॉम्प्रेशन टेस्ट आता करायची : पेट्रोलला साधारण १५० ते २०० पीएसआय आणि सिलिंडरांमधला फरक १०-१५ टक्क्यांच्या आत.

ऑइल मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचंच. "आपल्याकडे ऊन फार, जाड ऑइल टाका" हा सल्ला सर्रास मिळतो. पण थंड इंजिनात जाड ऑइल टेन्शनरपर्यंत उशिरा पोहोचतं आणि तेवढा वेळ चेन मोकळी आपटते. दुरुस्तीनंतरचं पहिलं ऑइल १,००० किलोमीटरवर काढा, फिल्टर कापून उघडा आणि कागदाच्या घड्या उजेडात बघा. चकाकणारे कण बोटाला टोचत असतील तर बेअरिंगची तपासणी लगेच करून घ्या, पुढच्या सर्व्हिसची वाट बघू नका. त्यानंतर किलोमीटरबरोबर महिनेही मोजा. उन्हाळ्यात एसी लावून सीताबर्डीच्या सिग्नलवर उभ्या राहणाऱ्या गाडीचं मीटर हलत नाही, पण ऑइल तेवढंच जळत असतं. अशा गाडीचं ऑइल १०,००० किलोमीटर पूर्ण होण्याची वाट न बघता सहा महिन्यांनी बदला.